गोधनाचा कर्ता पुरुष : मणिभाई देसाई

आपल्याकडील एकत्र कुटुंबपद्धतीत ‘कर्ता’ या शब्दाला विशेष अर्थ आहे. घरातील वयाने सर्वांत मोठा पुरुष कर्ता असतोच असे नाही. जमा-खर्चाची वही ज्याच्या उशाशी असते, कणगीत किती दाणे उरले आहेत हे ज्याला न विचारता ठाऊक असते आणि दावणीचे जनावर उपाशी असताना ज्याला स्वतःच्या पानावरचा घास गोड लागत नाही, त्याला घर मनोमन कर्ता मानते. पुणे जिल्ह्याने गेल्या शतकात असा एक कर्ता पुरुष पाहिला, ज्याने स्वतः संसार थाटला नाही, ज्याच्या नावे वंशवेल नाही आणि तरीही असंख्य शेतकरी कुटुंबांच्या दारात बांधलेल्या गाईमागे ज्याची दृष्टी उभी आहे. त्या पुरुषाचे नाव पद्मश्री मणिभाई भीमभाई देसाई.

पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर उरुळीकांचन हे गाव आहे. तेथील निसर्गोपचार आश्रमाचे नाव पुणेकरांना सुपरिचित आहे. प्रकृती सुधारण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे येतात, आहारविहाराचे नियम पाळतात व हलक्या शरीराने घरी परततात. परंतु याच आश्रमाच्या गोठ्यातून एका मोठ्या आर्थिक परिवर्तनाचा आरंभ झाला, ही गोष्ट पुण्याच्या नव्या पिढीला फारशी ठाऊक नसते. ती ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण गाईविषयी आपल्या समाजात भक्ती पुष्कळ आहे, पण गाईचा हिशेब मांडणारी माणसे सर्वकाळी थोडीच असतात.

उरुळीचा संकल्प

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी गुजरातमधील सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. दांडीयात्रेची वाट ज्या मुलखातून गेली, त्याच मुलखात त्यांचे बालपण गेले. पुढे त्यांनी विज्ञान शाखेचे शिक्षण घेतले. पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेतलेल्या तरुणास त्या काळी चांगली नोकरी मिळणे अवघड नव्हते. परंतु १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाने अशा अनेक तरुणांच्या आयुष्याची दिशा बदलली, तशी ती मणिभाईंचीही बदलली. लौकिक उत्कर्षाचा मार्ग सोडून ते महात्मा गांधींच्या सान्निध्यात दाखल झाले.

इकडे पुणे शहराशी गांधीजींचा संबंध त्या वर्षांत अतिशय निकटचा व दुःखाचाही झाला होता. आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई व २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. ६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. त्यानंतरच्या काळात पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचा अनेकदा मुक्काम झाला. निसर्गोपचाराचा लाभ केवळ शहरातील सुस्थित लोकांनाच का मिळावा, हा विचार त्यांच्या मनात घर करून होता. गरिबांसाठी ही पद्धती राबवायची तर ती खेड्यातच राबवली पाहिजे, अशा निर्णयाप्रत ते आले आणि रेल्वेच्या वाटेवरील उरुळीकांचनची निवड झाली.

२२ मार्च १९४६ रोजी गांधीजी उरुळीकांचन येथे आले. त्यांच्या समवेत आलेल्यांत आचार्य विनोबांचे बंधू बाळकोबा भावे होते, आणि अद्याप सव्विसावे वर्षही पूर्ण न झालेले मणिभाई होते. गांधीजींच्या त्या मुक्कामात आसपासचे शेकडो रुग्ण उपचारांसाठी आले. माती, पाणी, सूर्यप्रकाश, साधा आहार आणि रामनाम ही तेथील औषधे होती. दिल्लीत त्याच सुमारास ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ दाखल झाले होते व देशाच्या भवितव्याची बोलणी सुरू होणार होती. ३० मार्च रोजी गांधीजींनी उरुळी सोडली. 

मणिभाई मात्र मागे राहिले. आपले उर्वरित आयुष्य उरुळीलाच वाहू आणि आपल्या अस्थीही याच मातीला मिळतील, असे वचन त्यांनी गांधीजींना दिले होते. तरुणपणी माणसे मोठमोठी वचने देतात. त्यांतील पुष्कळशी वाऱ्यावर जातात. हे वचन घेणारा महात्मा दोनच वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, जगातून निघून गेला. हिशेब विचारणारा उरला नाही. तरीही हा कर्जदार पुढील पंचेचाळीस वर्षे आपला हप्ता भरीत राहिला, यातच त्यांच्या चारित्र्याची ओळख पटते.

गाय आणि तिचा हिशेब

आश्रमाच्या विश्वस्त संस्थेस ‘निसर्गोपचार ग्रामसुधार ट्रस्ट’ असे नाव दिले गेले. या नावातील दुसरा शब्द मणिभाईंनी विशेष गांभीर्याने घेतला. ज्या घरात पोटभर अन्न नाही, त्या घराला पथ्य सांगून काय उपयोग? आरोग्याचे मूळ आहारात, आहाराचे मूळ उत्पन्नात आणि कोरडवाहू मुलखातील उत्पन्नाचे मूळ जमीन व जनावर यांत आहे, हे ध्यानी घेऊन त्यांनी गावाच्या शेतीकडे, शिक्षणाकडे आणि गोठ्याकडे लक्ष वळविले.

गोसेवेविषयी गांधीजींचे विचार त्यांना परिचित होतेच. १९४१ साली वर्धा येथे गोसेवा संघाची स्थापना झाली व शेठ जमनालाल बजाज यांनी आपल्या आयुष्याचे अखेरचे महिने त्या कार्यास वाहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे निधन झाले. गाय वाचवायची असेल तर तिची पैदास, चारा, दूध आणि तिच्या मृत्यूनंतरचा उपयोग या सर्वांचा शास्त्रीय विचार केला पाहिजे, असा त्या चळवळीचा आग्रह होता. केवळ कसायाला दोष देऊन गाय वाचत नाही, असे त्यामागील मर्म होते.

मणिभाईंनी उरुळीच्या गोशाळेसाठी गीर जातीची निवड केली. सौराष्ट्रातील गीरच्या परिसरातील ही गाय. घुमटासारखे फुगीर कपाळ, दुमडलेल्या पानासारखे लांब लोंबते कान, मागे वळलेली शिंगे, डौलदार वशिंड आणि तांबडा किंवा ठिपकेदार रंग यांमुळे शेकडो गुरांतही ती ओळखू येते. ब्राझील देशाने ही गाय येथून नेऊन तिची काळजीपूर्वक निवड-पैदास केली व तिच्यापासून दुधाचा नामांकित वंश तयार केला. तिच्या मायदेशात मात्र ती दुर्लक्षित होती. विज्ञानाचा पदवीधर असलेल्या मणिभाईंनी शेण-मूत्र, चारा-पाणी, विण्याच्या वेळा यांचा अभ्यास गोठ्यातच केला आणि उरुळीचा गीर कळप नावारूपाला आणला.

या अनुभवातून त्यांच्यापुढे जो हिशेब उभा राहिला, तो व्यापारी माणसास चटकन उमगेल. मोठ्या जनावरास रोज त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के इतका कोरडा आहार लागतो. म्हणजे तीनशे किलो वजनाच्या गाईस सुमारे आठ किलो कडबा अथवा तत्सम चारा रोज हवा. ती दूध देवो वा भाकड असो, पोट रोजच भरावे लागते. गावरान गाय बहुधा चार-पाच वर्षांची झाल्यावर प्रथम विते, दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देते, त्यातही वासराचा वाटा असतो, आणि दोन वेतांमधील भाकड काळ लांबतो. ज्या दुकानात रोजचा खर्च ठरलेला व विक्री वर्षातून काही महिनेच, ते दुकान कितीही पूजा-अर्चा केली तरी चालत नाही. शेतकरी निर्दय नसतो. परंतु दुष्काळात आपल्या लेकरांच्या आणि गाईच्या तोंडात त्याला निवड करावी लागते. तेव्हा गाय आधी उपाशी राहते, मग विकली जाते, आणि अखेरीस कोठे जाते हे तो विचारीत नाही.

पश्चिम भारतातील बाजारपेठांत व्यापाऱ्यांनी पांजरपोळांसाठी ‘लागा’ बसविण्याची जुनी चाल होती. कापूस, कापड, धान्य यांच्या प्रत्येक सौद्यावर किंचित रक्कम मुक्या प्राण्यांच्या नावे बाजूला पडे. ही जीवदयेची उज्ज्वल परंपरा आहे. तथापि, पांजरपोळाच्या दारात येणारे जनावर हे आधीच्या अनेक वर्षांच्या तोट्याची अखेरची नोंद असते. मणिभाईंनी त्या नोंदीच्या आधीची पाने चाळली. गाय कोणाला नकोशी होण्यापूर्वीच तिला हवीशी कशी करावी, हा त्यांचा प्रश्न होता.

दारापर्यंत आलेली सेवा

१९६५-६६ च्या सुमारास देश अवर्षणाने होरपळला होता. अन्नधान्याची टंचाई होती. अशा काळात, ऑगस्ट १९६७ मध्ये, मणिभाईंनी ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ या संस्थेची स्थापना केली. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ‘बायफ’ या संक्षिप्त नावाने ही संस्था पुढे देशभर ओळखली जाऊ लागली.

मणिभाईंनी निवडलेला मार्ग धाडसाचा होता. स्वतः गीर गाईचे निस्सीम उपासक असूनही सर्वसाधारण शेतकऱ्याच्या दारातील कमी दुधाच्या गावरान गाईसाठी त्यांनी होल्स्टीन फ्रीजियन व जर्सी या परदेशी वंशांशी संकर करण्याचा पुरस्कार केला. परदेशी वळू येथील उन्हात तगणे कठीण. त्यावर गोठविलेल्या वीर्याचे तंत्र हा उपाय होता. ग्लिसरीनच्या साहाय्याने वीर्य गोठवून टिकविता येते, हा शोध १९४९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये पाव मिलिलिटरची बारीक नळी वर्षानुवर्षे सुरक्षित राहते. एका उत्तम वळूपासून वर्षाला हजारो मात्रा मिळू शकतात. पूर्वी ज्या वळूची संतती एका गावापुरती असे, त्याची संतती आता शेकडो गावांत होऊ शकत होती.

परंतु मणिभाईंचे खरे वेगळेपण या यंत्र-तंत्रात नाही. ते त्याच्या वाटपाच्या पद्धतीत आहे. गाय साधारण एकवीस दिवसांच्या अंतराने माजावर येते आणि तो माज दिवसभरही पुरता टिकत नाही. तेवढ्या अवधीत शेतकऱ्याने कामधाम सोडून, माजावर आलेली गाय हाकीत कोसभर दूरच्या दवाखान्यात न्यावी, तेथे रांगेत उभे राहावे, आणि उशीर झाला तर रिकाम्या हाती परतावे, असा प्रकार सर्वत्र होता. एक माज हुकला म्हणजे एकवीस दिवसांचा चारा अंगावर पडला. मणिभाईंनी ही रीत उलटी केली. गाय केंद्राकडे येणार नाही. सेवा गाईच्या गोठ्यात जाईल, असे त्यांनी ठरविले. प्रशिक्षण दिलेले ग्रामीण तरुण नायट्रोजनचे छोटे पात्र घेऊन दुचाकीवरून वस्ती-वस्तीवर जाऊ लागले. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, निरोप मिळताच फेरी, रेतनाची नोंद, पुढे गर्भतपासणी, नंतर वासराची नोंद, अशी साखळी उभी राहिली. गिऱ्हाईक दुकानात येईल म्हणून गादीवर बसून राहणारा व्यापारी आणि गाठोडे खांद्यावर घेऊन दारोदार माल दाखविणारा फेरीवाला यांत जो फरक आहे, तोच येथे होता.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात या कार्याने मूळ धरले. तेथे उसाचे वाढे होते, पाणी होते आणि सभासदांचे संघटन होते. नऊ महिने नऊ दिवसांनी संकरित वासरे गोठ्यांत दिसू लागली. यांतील कालवडी नीट जोपासल्यास अडीच-तीन वर्षांच्या वयात विऊ लागल्या व दिवसाला आठ-दहा लिटर दूध देऊ लागल्या. जी गाय घरखर्चाला भार होती, ती घरखर्च चालवू लागली.

कुटुंबाचा विस्तार

या बदलाचा खरा अर्थ आकड्यांपेक्षा घरांत पाहावा लागतो. कोरडवाहू शेतीचा पैसा वर्षातून एकदा, तोही पावसाच्या मर्जीने येतो. दुधाचा पैसा दर आठवड्यास वा दहा दिवसांस येतो. मुलाच्या शाळेची फी, म्हाताऱ्यांचे औषध, किराणा उधारीची फेड यांसाठी सावकाराच्या ओट्यावर बसण्याची वेळ टळली. जनावरांचे चारा-पाणी व धारा काढणे ही कामे बहुतेक घरांत स्त्रियांकडे असतात. त्यामुळे घराच्या मिळकतीत त्यांच्या कष्टाचा वाटा प्रथमच रोख स्वरूपात दिसू लागला. जमीन नसलेल्या कुटुंबालाही एका गाईच्या आधारे उभे राहता येते, हा विश्वास निर्माण झाला.

कर्ता पुरुष जसा एका गरजेतून दुसरी गरज ओळखतो, तसे मणिभाईंचे काम वाढत गेले. दुभत्या गाईला हिरवा चारा हवा, म्हणून चारापिकांचे संशोधन आले. कोरड्या रानात तग धरणारा पाला हवा, म्हणून हवाई बेटांवरील उंच वाढणाऱ्या सुबाबुळीचे बियाणे आणून तिचा प्रसार झाला. लाळ्या-खुरकुतासारखे रोग आले की महागमोलाचे जनावर दोन दिवसांत निकामी होते, म्हणून लस निर्मितीकडे लक्ष गेले. आणि ज्यांच्याकडे धड गाय सांभाळण्याइतकेही बळ नव्हते, त्या आदिवासी कुटुंबांसाठी १९८२ पासून दक्षिण गुजरातमधील वांसदा परिसरात ‘वाडी’चा प्रयोग सुरू झाला. सुमारे एक एकर माळरानावर आंबा व काजूची कलमे, कडेने इंधन-चाऱ्याची झाडे, मधल्या पट्ट्यात धान्य-भाजीपाला, आणि पहिली वर्षे झाडे जगविण्यासाठी त्या कुटुंबास आधार, असे त्याचे स्वरूप होते. हंगाम संपताच ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी माणसे स्वतःच्या झाडांना पाणी घालण्यासाठी घरी थांबू लागली. पुढे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, हा नमुना देशातील अन्य आदिवासी भागांसाठी स्वीकारला.

शासनाने १९६८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९८२ साली सार्वजनिक सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. गांधीजींना दिलेले छत्तीस वर्षांपूर्वीचे वचन पाळल्याचा गौरव त्या मानपत्रात आवर्जून करण्यात आला. उरुळीतील महात्मा गांधी विद्यालय असो, आश्रम असो वा बायफचे संशोधन केंद्र असो, सर्वत्र वडीलधाऱ्या माणसाच्या मायेने आणि धाकाने त्यांनी माणसे घडविली. स्वतः अविवाहित राहिलेल्या या गृहस्थाच्या हाताखाली पशुवैद्य, कृषिपदवीधर, हिशेबनीस व खेड्यातील कार्यकर्ते यांची एक पिढी तयार झाली. आपल्या पश्चातही वही बंद पडू नये, याची तजवीज करणे हे कर्त्याचे शेवटचे कर्तव्य. तेही त्यांनी पार पाडले.

अपुरा राहिलेला ताळेबंद

थोर पुरुषांचे स्मरण करताना जमेची बाजू सांगून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. मणिभाईंसारख्या हिशेबी पुरुषाच्या बाबतीत ती योग्य ठरणार नाही.

संकरित गाईने दूध दिले. पण तिने नवे प्रश्नही दिले. तिला उन्हाचा ताप अधिक होतो, गोचिडांपासून होणारे रोग तिला लवकर जडतात, तिची निगा महाग असते. चारा कमी पडला की तिचे दूध गावरान गाईपेक्षाही वेगाने आटते. संकराचे प्रमाण किती ठेवावे याचे शास्त्र न पाळता केलेल्या रेतनामुळे अनेक ठिकाणी ना धड देशी ना धड संकरित अशी जनावरे झाली. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५ कोटी परदेशी व संकरित गोवंश आहे, तर देशी गोवंश १४ कोटींहून अधिक आहे. मात्र या १४ कोटींतील बहुसंख्य जनावरे कोणत्याही शुद्ध जातीची नाहीत. गीर, खिलार, देवणी, डांगी यांच्या जतनाची हाक आज सर्वत्र ऐकू येते, ती अकारण नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ असा मान दिला. उरुळीच्या गोठ्यात गीरची जोपासना करणाऱ्या मणिभाईंना देशी वंशाचे मोल आधीपासून ठाऊक होते. परंतु सामान्य शेतकऱ्याच्या घरातील आजची चूल त्यांना अधिक निकडीची वाटली. त्या निवडीची किंमतही मोजावी लागली, हे मान्य करण्यात त्यांचा अनादर नाही.

सर्वांत अवघड प्रश्न खोंडाचा आहे. देशी खोंड मोठा होऊन नांगराला जुंपला जाई. संकरित बैलाचे वशिंड लहान, त्यामुळे जू नीट बसत नाही. उन्हात तो लवकर थकतो. दरम्यान शेतात ट्रॅक्टर आला आणि देशी बैलाचेही काम गेले. निसर्गनियमाप्रमाणे जन्मणाऱ्या वासरांपैकी जवळजवळ निम्मी नर असतात. दुधाच्या व्यवसायाने गाईला पोसले. तिच्या मुलाला कोणी पोसावे, याचे उत्तर त्या व्यवसायाकडे नव्हते. महाराष्ट्रात गाईच्या हत्येस १९७६ च्या कायद्याने बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळून बैल व वळू यांनाही ती लागू झाली. त्यानंतर अशा जनावरांचा भार शेतकऱ्यावर आणि पांजरपोळांवर अधिकच वाढला. पांजरपोळाच्या दारी आज उभी असणारी रांग ही पुष्कळ अंशी दुधाच्या पेल्याची दुसरी बाजू आहे. दूध पिणाऱ्या शहराने ती ओळखली पाहिजे.

येथेही उत्तराचा एक भाग विज्ञानातून येत आहे. बहुतांशी कालवडीच जन्माला येतील अशा लिंगनिश्चित वीर्यमात्रांचा उपयोग आता भारतात होऊ लागला आहे व मणिभाईंची संस्थाही या क्षेत्रात कार्यरत आहे. नकोसा जीव जन्माला घालून त्याची उपेक्षा करण्यापेक्षा हा मार्ग अधिक दयेचा आहे. तथापि, म्हातारी झालेली गाय व आज हयात असलेले खोंड यांचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. त्यासाठी गोठ्यातील शेतकरी, शहरातील दानी गृहस्थ आणि पांजरपोळ यांना एकत्र बसून नवा हिशेब मांडावा लागेल. शेण-मूत्राचे खत, गोबर वायू, पडीक जमिनीवरील चारा यांतून पांजरपोळाचा काही खर्च तरी भरून निघू शकतो. मणिभाईंची दृष्टी ज्यांना पटली आहे, त्यांनी हे अर्धे राहिलेले पान पुढे लिहावयाचे आहे.

स्मरण

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मणिभाईंचे निधन झाले. उरुळीला दिलेल्या वचनास तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होऊन गेली होती. पुण्यातील वारजे येथे बायफचे मुख्यालय ज्या परिसरात आहे, तो आज ‘डॉ. मणिभाई देसाई नगर’ म्हणून ओळखला जातो. उरुळीकांचन येथील महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. २०२० साली त्यांच्या जन्माची शताब्दी झाली; पण त्या वर्षी महामारीने सर्वांना घरात कोंडले होते.

१९५०-५१ साली या देशात १.७ कोटी टन दूध निघत असे. २०२२-२३ मध्ये ते २३ कोटी टनांवर गेले. या वाढीत म्हशीचा वाटा फार मोठा आहे, सहकारी दूध संघांचा आहे, आणंदच्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी उभारलेल्या दूधमहापुराच्या योजनेचा आहे. मणिभाईंचा वाटा त्यांत किती, हे मोजता येणार नाही. मात्र कुरियन यांनी शेतकऱ्याच्या दुधाला बाजाराची वाट दाखविली आणि मणिभाईंनी त्या दुधाच्या उगमाकडे, म्हणजे गोठ्यातील गाईकडे, पाहिले, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत एके काळी मागील अंगणात गाय असे. घरातील वडील मंडळी सकाळी प्रथम तिला चारा घालीत, मग स्वतःच्या चहाकडे वळत. वाडे गेले, अंगणे गेली, गाई शहराबाहेर गेल्या आणि दूध पिशवीतून येऊ लागले. पहाटे दारात पडणाऱ्या त्या पिशवीमागे कोठेतरी एक गोठा असतो, एक लवकर उठलेली गृहिणी असते, आणि नायट्रोजनचे पात्र घेऊन वस्तीवर पोहोचलेला एखादा कार्यकर्ता असतो. त्या सर्वांना एका कुटुंबात बांधणाऱ्या या संसारविरहित कर्त्या पुरुषास कृतज्ञ समाजाचे विनम्र अभिवादन.